शून्यावर ठेवलेला चिंचोका

त्यांच्या शर्टाचा डावा खिसा कायम फुगलेला असायचा आणि चालताना खुळखुळायचा. नव्या माणसाला वाटायचं, सुटे पैसे असतील. मलाही तसंच वाटलं. कामावर रुजू झाले त्याच दिवशी मी त्यांच्याकडे पाच रुपयांचे सुटे मागितले, तर त्यांनी खिशात हात घालून माझ्या तळहातावर सात-आठ चिंचोके ठेवले आणि म्हणाले, "मोजून परत करा बाई. सरकारी आहेत."

मी मनात म्हटलं, झालं, पहिल्याच दिवशी गाठ पडली.

पण ते खरंच सरकारी होते. कचेरीच्या सामानाच्या वहीत टी-स्क्वेअर, लाकडी स्टूल आणि पाण्याचा माठ यांच्या खाली त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: चिंचोके, न भाजलेले, चारशे. तपासणीला आलेल्या माणसानं त्यापुढे लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. यांनी त्या प्रश्नचिन्हाखाली लिहिलं होतं, "आवश्यक."

कचेरीचं नाव सांगत नाही. रत्नागिरीत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जमिनीचे नकाशे करणारी एक लहानशी सरकारी कचेरी होती, एवढं पुरे. ते तिथले मुख्य आरेखक आणि मी अनुरेखक. म्हणजे त्यांनी काढायचं आणि मी वर पारदर्शक कागद ठेवून गिरवायचं. चित्रकलेच्या दोन परीक्षा पास झालेली मी, हात स्वच्छ आणि जीभ तिखट. आमच्या आळीत माझ्या नादी सहसा कुणी लागत नसे. त्यांना मात्र मी कधी उलट बोलले नाही, कारण बोलायला जागाच मिळायची नाही. ते सगळ्यांना "तुम्ही" म्हणायचे. शिपायाला तुम्ही, दारातल्या कुत्र्याला तुम्ही, हट्ट करणाऱ्या पट्टीलाही तुम्ही. "तुम्ही जरा डावीकडे सरका बघू," असं ते पट्टीला म्हणत असताना आतून मोठे साहेब आले, तर साहेबच सरकले.

घरचा माणूस म्हणून त्यांना कुणी नव्हतं. खालच्या आळीत एक खोली, एक स्टोव्ह, एक छत्री. ती छत्री ते मे महिन्यातही घेऊन फिरायचे आणि उघडायचे मात्र नाहीत. विचारलं की म्हणायचे, "पाऊस आला तर उघडेन की. ऊन काय, दिसतंच आहे."

आता हे चिंचोक्यांचं प्रकरण नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे एक काचेचं टेबल होतं. काचेखाली दोन बल्ब. एखाद्या गावाची जमीन कशाला योग्य आहे ते ठरवायचं असलं की त्या गावच्या नकाशावर ते बारीक चौकोन आखायचे. आडवे चाळीस, उभे तीस, एकूण बाराशे. कागदावरचा एक चौकोन म्हणजे जमिनीवर अडीच एकर. मग एकेका गोष्टीचा वेगळा पारदर्शक कागद. एक उताराचा, एक पाण्याचा, एक रस्त्याचा, असे. प्रत्येक कागदावर प्रत्येक चौकोनात एक आकडा, शून्यापासून चारापर्यंत. शून्य म्हणजे काही उपयोगाचं नाही, चार म्हणजे उत्तम. मग सगळे कागद काचेवर एकावर एक रचायचे, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि खालचे बल्ब लावायचे. आकडे एकमेकांवर पडून गिचमीड होऊ नये म्हणून प्रत्येक कागदाची जागा ठरलेली. उताराचा आकडा चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, रस्त्याचा खालच्या उजव्या, आणि पाणी मधोमध. "पाण्याला कोपऱ्यात बसवू नये," असं ते म्हणायचे. काचेवर एका चौकोनावर बोट ठेवलं की त्या अडीच एकरांबद्दल जे जे ठाऊक होतं ते सगळं एकदम दिसायचं. मग त्या आकड्यांची बेरीज करून वरच्या कोऱ्या कागदावर लिहायची. सगळ्यात मोठी बेरीज, सगळ्यात चांगली जागा.

पण बेरजेआधी चिंचोके. कुठल्याही एका कागदावर शून्य असलं की त्या चौकोनावर ते एक चिंचोका ठेवायचे. बाकीच्या कागदांवर तिथे चार असोत नाहीतर आणखी काही असो. चिंचोका ठेवला की तो चौकोन काळा. त्याची बेरीजच करायची नाही. "आधी शून्य बसवा," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचे. का बसवायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा सारीपाट, असंच मी धरून चालले होते. दुपारच्या डब्याला आम्ही दोघी-तिघी त्यावरून हसायचोही.

आकडा कसा द्यायचा, याचं त्यांचं शास्त्र मात्र काही औरच. वरून येणाऱ्या फॉर्मात विहिरीच्या पाण्याची खोली विचारलेली असायची. यांचा त्यावर विश्वास नाही. म्हणायचे, पावसाळ्यात सगळ्याच विहिरी श्रीमंत. ते मे महिन्याच्या अखेरीला एस्टीनं गावात जायचे, विहिरीवर आलेल्या बायकांना नमस्कार करायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "घागर बुडते काय हो?" घागर सोडल्यावर आपोआप बुडत असली तर चार. कलती करावी लागत असली तर तीन. तांब्यानं भरावी लागत असली तर दोन. वाटीनं भरावी लागत असली तर एक. आणि जिथून बायका पाण्यासाठी दुसरीकडे जातात तिथे शून्य. एकदा एका गावात सरपंचांनी सांगितलं, आमच्या विहिरीला बारमाही पाणी. यांनी मान डोलावली, विहिरीपाशी गेले आणि कठड्यावरची वाटी उचलून खिशात घातली. सरपंचांनी चहाचा विषय काढला. परत येताना ती वाटी त्यांनी जिथल्या तिथे ठेवली आणि कागदावर एक लिहिला.

लिहायचे तेही पेन्सिलीनं. त्या चौकोनात आपण स्वतः पाय ठेवून आल्याशिवाय आकड्यावर काळी शाई फिरवायची नाही, असा त्यांचा नेम होता. कपाटात त्यांचे शेकडो कागद होते. कुठे शाई, कुठे पेन्सिल, ते बघून सांगता यायचं की हा माणूस जिल्ह्यात कुठे कुठे उभा राहिलाय. मला त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही. वाटायला पाहिजे होतं.

आणि मग ती वाडी आली.

संगमेश्वराच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी एक एकतीस घरांची वाडी. मागच्या पावसात वरच्या डोंगराला भेग गेली होती. बैल उभा राहील एवढी रुंद. दरड कोसळली तर वाडी उरणार नाही, म्हणून पुढचा पाऊस लागायच्या आत अख्खी वाडी दुसऱ्या जागी हलवायची असं ठरलं. जागा शोधायचं काम आमच्याकडे. पाच कागद तयार झाले: उतार, दरडीपासून सुरक्षितता, पाणी, रस्ता आणि शेतापर्यंतचं अंतर. आकडे सगळे त्यांनी फिरून भरले. बेरीज तेवढी राहिली, आणि त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला जावं लागलं. जाताना म्हणाले, "पंधरा दिवसांत येतो. तोवर हे कागद राहू द्यात."

चार दिवसांनी मोठे साहेब माझ्या टेबलापाशी आले. वरून विचारणा होत होती, मे उजाडला होता. साहेब म्हणाले, "बेरीजच तर राहिलीय ना? करून टाका."

मला काय, हातात सगळं काम आल्याचा आनंद. मी कागद रचले, बल्ब लावले आणि दीड दिवसात बाराशे बेरजा करून मोकळी झाले. चिंचोके त्यांच्या ड्रॉवरमध्ये होते. ड्रॉवर उघडायचं माझ्या मनातही आलं नाही. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं. म्हटलं, तेवढा वेळ कुणाला आहे.

सगळ्यात मोठी बेरीज आली सोळा. वीसपैकी सोळा. डांबरी रस्त्याला लागून असलेला सडा. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं कातळाचं पठार. साहेब खूश झाले. वाडीतली मुंबईकर मंडळी मे महिन्याची रजा काढून घरी आली होती, त्यांना तर रस्त्याकडेची जागा म्हणजे देवच पावला. भूमिपूजनाची तारीख ठरली. माझ्या नकाशाची प्रत साहेबांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली लावली. मी घरी पेढे नेले.

भूमिपूजनाच्या दोन दिवस आधी ते आले. एका डोळ्यावर हिरवा पडदा. माझा नकाशा त्यांनी पाहिला, मग ते पाच कागद काढून काचेवर रचले, बल्ब लावले आणि ड्रॉवरमधून मूठभर चिंचोके घेऊन एकेक ठेवत गेले. मी शेजारी उभी. सड्यावरच्या त्या सोळाच्या चौकोनापाशी त्यांचा हात थांबला. मी वाकून पाहिलं. चारी कोपऱ्यांत चार, चार, चार, चार. मधोमध शून्य.

त्यांनी त्यावर चिंचोका ठेवला. माझा सोळा गेला.

मला वाटलं, आता बोलतील. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, आणि तेही कुणाच्या जमिनीसाठी, तर ज्यांची आधीच सरकत होती त्यांच्यासाठी. ते एवढंच म्हणाले, "परवा सड्यावर तुम्हीही या. चपला मजबूत घाला."

"काका, पण आता साहेबांना सांगायला नको?"

"सांगून काय व्हायचं? सोळा आलेत. सोळाला कोण नाही म्हणणार?" असं म्हणून त्यांनी चिंचोके गोळा केले, मोजले आणि खिशात टाकले.

भूमिपूजनाला सड्यावर मांडव होता. साहेब, तालुक्याची मंडळी, वाडीतली माणसं, पांढरे शर्ट घातलेले मुंबईकर. सकाळचे दहा आणि कातळ तव्यासारखा तापलेला. भटजींनी सगळी मांडामांड केली आणि कलश पुढे ओढला. "पाणी?"

पाण्याचा कॅन जीपमध्ये असतो. त्या दिवशी नव्हता. शिपाई माझ्याकडे बघेना. यांनी त्याला काय सांगून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"भटजी," ते शांतपणे म्हणाले, "भूमी इथली, तर पाणीही इथलंच बरं ना?"

भटजी म्हणाले, "जवळचं असलं म्हणजे झालं."

"जवळचंच आणतील." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही जा. या वहिनी वाट दाखवतील."

त्या वहिनी म्हणजे वाडीतली शेवंतीवहिनी. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल, उन्हानं रापलेली, हातात रिकामी घागर. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चल गो बाय. ऊन चढला की कातल पाय खातो."

सड्याच्या कडेनं उतरत आम्ही खालच्या ओढ्यात गेलो. वीस मिनिटं लागली. ओढा कोरडा. वाळूत हातभर खड्डा खणलेला आणि त्याच्या तळाशी ओल. वहिनीनं कनवटीची वाटी काढली आणि बसली. वाटी भरायची, घागरीत ओतायची, पुन्हा पाणी झिरपेपर्यंत थांबायचं. मी घड्याळ बघत होते. पाऊण तास गेला. मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं ना वर पाणी नाही? मग बोलला नाहीत कशा?"

"आमाला कोन इचारतो बाय? नकाशात आला मनले. मनलं, नकाशाला आमच्यापेक्षा जास्त कलत आसल."

चढताना घागर मी घेतली. ती देत नव्हती, मी हट्टानं घेतली. तिनं पदराची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली. पहिल्या वळणावर अर्धी घागर माझ्या अंगावर सांडली. पुढे मान वाकली, डोळ्यांपुढे काजवे. चाळीस मिनिटांनी वर पोचले. साहेबांच्या ओठांना कोरड पडली होती, भटजी पंच्यानं वारा घेत होते आणि ते एकटे उन्हात, कातळावर, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसले होते. आमचे पावणेदोन तास झाले होते.

ते उठले. घागरीत डोकावले. "साहेब," ते म्हणाले, "ही अर्धी घागर. घरं एकतीस."

साहेबांना समजायला वेळ लागला नाही. तो माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "हा नकाशा कुणी केला?"

मी पुढे झाले आणि म्हणाले, "मी."

"बाईंनीच केला," काका म्हणाले, "आणि पाणीही त्यांनीच आणलं. आता या जागेबद्दल इथे त्यांच्याएवढं कुणालाच कळत नाही."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. शिव्या घातल्या असत्या तर विसरले असते.

मग गोंधळ माजला. मुंबईकरांतला एक उठून म्हणाला, "टँकर येईल. रस्त्याची जागा सोडायची नाही." त्याला आणखी चौघांनी दुजोरा दिला. शेवंतीवहिनीनं तोंडावरचा घाम पुसला आणि उभ्यानंच म्हणाली, "तुमी जून लागला की मुंबैला जानार. हंडा माज्या डोक्यावर." एवढंच बोलून ती खाली बसली. तिच्यामागे बसलेल्या बायका एकेक करून मान हलवू लागल्या आणि पांढरे शर्ट खाली बसले.

साहेब यांना बाजूला घेऊन म्हणाले, "पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. ही जागा नाही, तर वाडी त्या भेगेखाली राहणार. मग काय करू मी?"

"आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत मी त्या माणसाला पाहिलं. आधी दोन वर्षं शेजारी बसत होते ते काही पाहणं नव्हे.

पाचही कागद पुन्हा रचले. या खेपेला शून्याबरोबर, पाण्याच्या आणि उताराच्या कागदांवर जिथे एक होता तेही चौकोन बाद. चारशे चिंचोके पहिल्या तासात संपले. शिपाई बाजारात गेला. मी आईच्या बरणीतले आणले, डब्याला माझ्याबरोबर हसणाऱ्या दोघींनी आपापल्या घरचे आणले, साहेबांच्या बंगल्यावरून एक पिशवी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा चिंचोका ठेवून झाला. त्यांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. शिपायानं खोलीतला दिवा घालवला. काचेखालचे बल्ब तेवढे चालू.

सगळं टेबल काळं पडलं होतं, आणि त्या काळ्यात अकरा चौकोन उजळले होते. बाराशेंतले अकरा.

साहेब दारात उभे होते, ते पुढे यायचे थांबले. ज्याला मी दोन वर्षं पोरखेळ म्हणत होते, त्यात एक अख्खं गाव आपण कुठे जगू शकतो ते सांगत होतं. ते मात्र खाली वाकून ते अकरा आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवत होते. म्हणाले, "चिंचोके फक्त कोण बाद ते सांगतात. आता पाय लागतील."

सहा दिवसांत आम्ही अकराही चौकोन चालून आलो. ते एका डोळ्यानं, मी फुटलेल्या चपलांनी. आठव्या चौकोनात, डोंगरापासून दूर, एका उंबराखाली झरा सापडला. जागा तशी अडचणीची. उतार बरा, रस्ता पाऊण मैल लांब, बेरीज जेमतेम तेरा. त्यांनी शेवंतीवहिनीला घागर सोडायला सांगितली. ती बुडली. त्यांनी चपला काढून त्या ओल्या मातीत दोन्ही पाय ठेवले आणि पाण्याच्या कागदावर त्या चौकोनातला आधीचा आकडा खोडून पेन्सिलीनं चार लिहिला.

मी म्हटलं, "काका, आता शाई करा की. पाय तर ठेवलात."

"करू सावकाश," ते म्हणाले.

वाडी हलली. पहिला पाऊस छपरांवर नुसती माडाची झापं असताना आला. डोंगर त्या वर्षी पडला नाही, पुढच्याही वर्षी नाही. रस्ता हवा असलेले लोक यांना रस्त्यात गाठून विचारायचे, "काय काका, पडला काय तुमचा डोंगर?" ते म्हणायचे, "नाही हो, बरं आहे की." तिसऱ्या वर्षी, आषाढात, भर दुपारी तो आला आणि रिकाम्या वाडीवरून गेला. बातमी कळली तेव्हा ते पट्टीला काहीतरी समजावत होते. त्यांनी पट्टी खाली ठेवली, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि पुन्हा उचलली.

पुढे ते निवृत्त झाले, त्याच खोलीत राहिले आणि एका पावसाळ्यात गेले. मी तेव्हा रजा घेऊन बाहेरगावी गेले होते, मला चार दिवसांनी कळलं. ड्रॉवरमधले चिंचोके मी मोजून पाहिले. चारशे होते.

त्यानंतरच्या मार्चमध्ये कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, गार हवेचं यंत्र, बाहेर चपला काढायच्या. चालवायला पुण्याहून एक इंजिनियर मुलगी आली होती, हुशार आणि गोड. तिनं मला दाखवलं. आमचे चौकोन तसेच त्या यंत्रात, प्रत्येक कागद वेगळा, आणि एक बटण दाबलं की बाराशे चौकोनांच्या बेरजा दोन-तीन मिनिटांत. बाहेर लांबच लांब कागद करकरत यायचा. मी तिला म्हटलं, "बेरीज नको. गुणून बघ."

"का हो, ताई?"

"एक जरी शून्य असलं तरी उत्तर शून्य यायला पाहिजे."

तिनं गुणून पाहिलं. कागदभर शून्यं आणि मधे थोडेच आकडे. ती त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी तिला चिंचोके दाखवले. ती हसली नाही, हे मला फार आवडलं.

जुने कागद यंत्रात भरायचे ठरले. मी वाचायचं, तिनं टाइप करायचं. त्या वाडीचे कागद मेच्या अखेरीस हाती आले. पाण्याचा कागद वाचता वाचता मी थांबले. सगळे आकडे काळ्या शाईत, आणि एकच पेन्सिलीतला. उंबराखालचा चार.

इतकी वर्षं झाली, तरी त्यांनी त्याच्यावर शाई फिरवली नव्हती. जिथे दोन्ही पाय ठेवले होते, तिथेच.

"ताई, काय टाकू?" तिनं विचारलं.

"हा रिकामा सोडता येईल?"

"रिकामा सोडला तर यंत्र शून्य धरतं."

शून्य धरलं तर एकतीस घरं नकाशातून गेली. चार म्हणायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, त्यांनी ज्याला पक्कं म्हटलं नाही त्याला मी खोलीत बसून पक्कं कसं म्हणू. एकदा बसल्या जागी आकडे जुळवले होतेच की मी. तिला म्हटलं, "सोमवारी सांगते." तो कागद गुंडाळून नळीत घातला आणि रविवारी पहिली एस्टी धरली.

शेवंतीवहिनीनं मला लांबूनच ओळखलं. केस पांढरे झाले होते, जीभ तशीच. "घागर सांडनारी बाय आली," असं तिनं शेजारणीला ओरडून सांगितलं. झऱ्यावर आता बांधीव विहीर होती, उंबर तसाच. मी तिला पेन्सिलीच्या चाराबद्दल सांगितलं, तर ती कठड्यावर बसली.

"म्हातारा दर वरसाला याचा," ती म्हणाली. "मे संपताना. छत्री घेऊन. सोताच्या हातानं घागर सोडाचा, कान लावून ऐकाचा. मनाचा, बुडली. मी मनाची, मग करा की पक्का. तर मनाचा, एकतीस घरं उपसतायत वहिनी, आनखी एक मे बघू."

मला हे ठाऊक नव्हतं. कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर तर त्यांना इथे यायचं काही कारणच नव्हतं.

"गेल्या वरसाला चढ चढवला नाय त्याला," ती म्हणाली. "त्या खालच्या वलनावर बसला. मला मनला, तुमी सोडा आनि मोठ्यानं सांगा. मी सोडली. बुडली वो काका, मनून बोंब मारली. तर त्यानं खालनं छत्री वर केली. उघडली पन. ऊन होता नुसता, पन उघडली."

मी तोंड फिरवून उंबराकडे बघत राहिले. रडायला येतं तेव्हा मला राग येतो, तसा आला. एवढी वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसले आणि त्यांच्याबरोबर एका मेलाही इथे आले नाही.

मग मी घागर मागितली. दोर सैल करत ती खाली सोडली. ती पाण्यावर टेकली, क्षणभर तरंगली, कलली, आणि बुडली. आवाज वरपर्यंत आला.

मी कागद कठड्यावर पसरला. वहिनीनं दोन टोकांवर दोन दगड ठेवले. पर्समधून काळ्या शाईचं पेन काढलं, टोपण काढलं. त्या चौकोनात पेन्सिलीचा चार अंधुक झाला होता, तरी वळण त्यांचंच. सोमवारी त्या मुलीला चार टाकायला सांगायचं, हे तर ठरलं. यंत्राला पेन्सिल नसते, त्याला इलाज नाही.

पण मी विचारलं, "वहिनी, यंदा पाऊस कधीचा?"

"आज-उद्याचा नाय. धा दिवस तरी हायत."

म्हणजे अजून दहा दिवसांचा उपसा बाकी. मी पेनला टोपण लावलं. पर्समध्ये पेन्सिल होती, ती घेतली आणि तो अंधुक चार त्यांच्याच वळणावरून हलक्या हातानं गिरवला. गिरवण्याचीच तर नोकरी माझी.

"झाला पक्का?" वहिनीनं विचारलं.

"नाही. पुढच्या मे महिन्यात येते."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खालच्या वळणाकडे पाहिलं. "ये," ती म्हणाली. "घागर हितंच असते."